वाचनालयातले तीन जुने संगणक: कोणत्या यंत्राला कोणतं लाइव्ह लिनक्स

बाई, तुमचा प्रश्न असा आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या तुमच्या गावच्या वाचनालयात तीन जुने संगणक पडून आहेत. पहिला पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, आत विंडोज एक्सपी आणि सभासदांच्या वर्गणीच्या जुन्या नोंदी. दुसरा कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, हार्ड डिस्क मेलेली. तिसरा देणगीत आलेला लहानसा नेटबुक, अॅटम एन२७० प्रोसेसर आणि १ जीबी रॅमचा. डिस्क घातली की सुरू होईल आणि आतलं काही पुसणार नाही अशी एकच लाइव्ह प्रणाली तुम्हाला तिन्हींसाठी हवी आहे. मुलांना वर्तमानपत्रं वाचता यावीत, मराठीत टाइप करता यावं, वाचनालयाच्या सूचना छापता याव्यात, एवढी अपेक्षा.

सरळ उत्तर आधी देतो. एकच घ्यायची असेल तर अँटीएक्स २३ या हलक्या लिनक्स प्रणालीची ३२ बिट (म्हणजे जुन्या प्रोसेसरवरही चालणारी), पूर्ण आवृत्ती घ्या आणि ती सीडीवर नाही, पेनड्राइव्हवर घ्या. पण माझा सल्ला एक घेण्याचा नाही. नेटबुकला अँटीएक्स, कोअर टू ड्युओला ६४ बिटचं एमएक्स लिनक्स, आणि पेंटियम ४ ला आधी फक्त नोंदी काढून घेण्यापुरती नॉपिक्सची नाहीतर पपी लिनक्सची डिस्क. कारणं सांगतो, कारण ती समजली तर उद्या कुणी चौथा संगणक आणून दिला तरी तुमचा निर्णय तुम्हीच घ्याल.

लाइव्ह प्रणाली डिस्कवर दाबून, लहान करून ठेवलेली असते. चालताना हवा तो भाग डिस्कवरून वाचून उलगडला जातो. त्या डिस्कवर काही लिहिता येत नसल्यामुळे तुम्ही केलेला प्रत्येक बदल, उघडलेली फाइल, अगदी ब्राउझरने उतरवून ठेवलेली चित्रंसुद्धा रॅममध्ये साठतात. म्हणून त्याच यंत्रावर इन्स्टॉल केलेल्या लिनक्सपेक्षा लाइव्ह लिनक्सला रॅम जास्त लागते. "जुना संगणक आहे ना, मग लाइव्ह सीडी टाका" असं सर्रास सांगितलं जातं, आणि लोक निराश होतात ते इथेच. जुन्या यंत्रात कमी असते ती रॅम, आणि लाइव्ह प्रणाली खाते तीही रॅमच.

सीडीची दुसरी अडचण वेगाची. ५२ एक्सचा ड्राइव्ह सगळं नीट असताना सेकंदाला जेमतेम ७.८ एमबी वाचतो, तेही चकतीच्या कडेला. प्रणाली सुरू होताना हजारो लहान फाइली इकडून तिकडून वाचाव्या लागतात, तेव्हा ड्राइव्हची लेन्स मागेपुढे फिरत राहते आणि वेग आणखी पडतो. यूएसबी २ चा साधा पेनड्राइव्हसुद्धा या कामात पुष्कळ पुढे असतो. त्यात आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि चार महिने ओलसर हवा. सीडींवर बुरशी चढते, ड्राइव्हच्या लेन्सवर धूळ चिकटून बसते. डिस्क म्हणजे सीडी हा आग्रह सोडा. पेनड्राइव्हवर लिहिलेली लाइव्ह प्रणाली हीच आजची लाइव्ह डिस्क.

आता प्रोसेसर. ३२ बिट की ६४ बिट, एवढंच आधी बघायचं. कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे. अॅटम एन२७० मात्र २००८ सालचा असूनही फक्त ३२ बिटचा. पेंटियम ४ मध्ये दोन्ही प्रकार आले, पण ५१२ एमबी रॅमवर ६४ बिट चालवण्यात काही अर्थ नाही. हा फरक आज फार मोलाचा झाला आहे, कारण ३२ बिटची दारं एकेक करून बंद होत आहेत. क्रोमने ३२ बिट लिनक्स मार्च २०१६ मध्येच सोडलं. उबंटूने डेस्कटॉपची ३२ बिट डिस्क १७.१० पासून बंद केली. डेबियन ही मूळ लिनक्स प्रणाली, तिच्यावर इतर पुष्कळ प्रणाली उभ्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी कर्नल (प्रणालीचा गाभा) नाही आणि इन्स्टॉलरही नाही. फायरफॉक्सची ३२ बिट लिनक्ससाठीची शेवटची मुख्य आवृत्ती १४४, ऑक्टोबर २०२५ ची. अँटीएक्स २३ उभं आहे डेबियन १२ वर, आणि डेबियन १२ चा दीर्घकालीन सुरक्षा आधार जून २०२८ पर्यंत आहे. तेव्हा नेटबुकवर आज जे बसवाल ते आणखी थोडी वर्षं नीट वापरता येईल, कायमचं नाही. मोठा खर्च त्या यंत्रावर करू नका.

अँटीएक्सच का, हे सांगतो. ते डेबियनवर उभं असल्याने मराठी फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर, लिब्रेऑफिस सगळं एकाच भांडारातून मिळतं. आइसडब्ल्यूएम नावाचा हलका विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम, वापरल्यामुळे सुरू झाल्यावर रॅम फार थोडी अडते. ३२ बिट आवृत्तीचा कर्नल पीएई ही जास्त रॅम हाताळण्याची सुविधा नसलेल्या प्रोसेसरवरही चालतो, म्हणजे पेंटियम एमचे काही जुने लॅपटॉप, जे इतर ठिकाणी सुरूच होत नाहीत, तेही जागे होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लाइव्ह वापरासाठी इतकी विचारपूर्वक केलेली सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही. बदल जपून ठेवण्याचे त्यात वेगवेगळे प्रकार आहेत, त्याकडे खाली येतो.

पपी लिनक्स ऑस्ट्रेलियाच्या बॅरी काउलर यांनी २००३ मध्ये सुरू केलं. ते शक्य असेल तिथे अख्खं रॅममध्ये चढतं, मग डिस्क बाहेर काढली तरी चालत राहतं. बदल एका फाइलमध्ये साठवतं, आणि हवं तर त्याच सीडी-डीव्हीडीवर पुढचं सत्र म्हणून लिहितं, ही सोय क्वचितच कुठे मिळते. एकट्या माणसाच्या जुन्या यंत्रासाठी मी पपी आनंदाने देतो. पण पपी मुळात रूट, म्हणजे प्रणालीचा सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणूनच चालतं, म्हणजे समोर बसणाऱ्या प्रत्येकाला सगळे अधिकार. आत एक्सपीची डिस्क आणि वर्गणीच्या नोंदी असलेल्या यंत्रावर शाळेतली मुलं बसणार असतील तर ते नको. दाराला कडी न लावता वाचनालय उघडं ठेवण्यासारखं ते होईल.

नॉपिक्स जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांचं, २००० सालचं. लाइव्ह सीडी ही कल्पना घराघरांत गेली ती नॉपिक्समुळे. यंत्रातले भाग ओळखण्यात ते आजही तरबेज आहे. पण डीव्हीडीभर पसरलेलं आहे, रोजच्या वापराला जड. दुरुस्तीची डिस्क म्हणून कपाटात असावं. टायनी कोअर अवघ्या २३ एमबीचं आहे, पण मराठी फॉन्टपासून ब्राउझरपर्यंत सगळं तुम्हालाच जोडावं लागेल, तोवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतील. टेल्सचं नाव तुम्हाला कुणी सुचवलं असेल तर ते ओळख लपवून इंटरनेट वापरण्यासाठी आहे, ६४ बिटच मागतं, तुमच्या कामाचं नाही.

आता एकेक यंत्र.

पेंटियम ४ ला हात लावण्याआधी त्यातल्या नोंदी बाहेर काढा, बाकी सगळं नंतर. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, तेव्हा तो संगणक इंटरनेटला जोडू नका. लाइव्ह डिस्कने सुरू करा, हार्ड डिस्कवरचा एक्सपीचा विभाग (पार्टिशन) फक्त वाचण्यापुरता उघडा, आणि नोंदींचा फोल्डर दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवा. एक्सपी हायबरनेट करून (चालू काम डिस्कवर साठवून) बंद केलेला असेल तर त्या विभागावर लाइव्ह प्रणालीतून काहीही लिहू नका, फाइलींची मांडणी बिघडू शकते. नोंदी उघडल्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला तर घाबरू नका. युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी अक्षरांची एकसारखी पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असाच दिसतो. फाइल शाबूत असते. एक्सपीच्या फॉन्ट्स फोल्डरमधला तो फॉन्टही सोबत उतरवून घ्या, म्हणजे मजकूर वाचता येईल आणि नंतर युनिकोडमध्ये बदलताही येईल.

त्या यंत्राचा ड्राइव्ह फक्त सीडी वाचणारा असू शकतो, पुढच्या पट्टीवर डीव्हीडीची खूण आहे का बघा. नॉपिक्स आणि अँटीएक्सची पूर्ण आवृत्ती सीडीच्या ७०० एमबीत मावत नाही. पपीच्या काही आवृत्त्या मावतात, उतरवण्याआधी आकार बघा. बायॉसमध्ये, म्हणजे संगणक चालू होताच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, यूएसबी-एचडीडी असा पर्याय असेल तर पेनड्राइव्ह चालेल. नसेल तर प्लॉप नावाचा लहानसा बूट मॅनेजर सीडीवर लिहा. संगणक सीडीवरून प्लॉप सुरू करतो आणि प्लॉप पुढे पेनड्राइव्हवरून प्रणाली सुरू करतं. बायॉसला यूएसबी कळत नसलेली बरीच यंत्रं या मार्गाने चालतात.

नोंदी निघाल्या की मग त्या यंत्राचं भवितव्य ठरवा. ५१२ एमबीवर आजचं वर्तमानपत्राचं संकेतस्थळ उघडणं ही शिक्षा आहे. प्रणाली कितीही हलकी घेतली तरी ब्राउझर हलका होत नाही, आणि एका पानावरच्या जाहिराती व व्हिडिओच सगळी रॅम संपवतात. डिलोसारखे अगदी हलके ब्राउझर आहेत, पण त्यांत जावास्क्रिप्ट नाही आणि मराठीची जोडाक्षरं फुटलेली दिसतात. रॅम वाढवायची तर पट्टी डीडीआर आहे की डीडीआर२ हे आधी बघा, दोघींची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. म्हापसा किंवा फोंड्याच्या दुरुस्तीच्या दुकानांत जुन्या यंत्रांतून काढलेल्या पट्ट्या मिळू शकतात. गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावी-बारावीच्या मुलांना मिळालेले डेस्कटॉप अजून कित्येकांच्या माळ्यावर आहेत, गावात विचारा. १ जीबी झाली तर पुस्तकांची यादी टाइप करायला हे यंत्र छान आहे. इंटरनेटला नको.

नेटबुकला सीडी ड्राइव्ह नसतोच, तेव्हा पेनड्राइव्हशिवाय पर्याय नाही. एन२७० सोबत बहुधा इंटेलचा ९४५ मालिकेतला चिपसेट असतो, त्याला लिनक्स चांगलं ओळखतं, पण रॅम जास्तीत जास्त २ जीबी घेतो. तेवढी करून घ्या, या यंत्रावर करण्यासारखा तो एकच खर्च. अशा नेटबुकचा पडदा बहुधा १०२४ बाय ६०० चा असतो. कित्येक खिडक्यांची खालची बटणं पडद्याबाहेर जातात आणि मुलं अडकतात. ऑल्ट दाबून धरून माऊसने खिडकी वर ओढायची, म्हणजे बटण दिसतं. हे त्यांना पहिल्याच दिवशी दाखवा.

कोअर टू ड्युओ हा तुमचा सगळ्यात कामाचा संगणक. सुरुवातीला पेटी उघडून मेलेल्या हार्ड डिस्कची वायर काढा. ती जोडलेली राहिली तर लाइव्ह प्रणाली सुरू होताना पुन्हा पुन्हा ती वाचायचा प्रयत्न करते, पडदा कित्येक मिनिटं काळा राहतो आणि माणसाला वाटतं प्रणालीच बिघडली. वायर काढली की तेच यंत्र झटकन सुरू होतं. याच्यावर एमएक्स लिनक्सची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती, ६४ बिट. अँटीएक्सची माणसं आणि त्यांची लाइव्ह साधनं एमएक्समध्येही आहेत, त्यामुळे एक शिकलात की दुसरं आलं. पुढे पैसे जमले तर लहान साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) बसवून त्यावर इन्स्टॉल करा. तोवर पेनड्राइव्ह पुरतो.

बदल जपून ठेवण्याबद्दल मात्र सावकाश वाचा. अँटीएक्स आणि एमएक्समध्ये सुरुवातीच्या पडद्यावर पर्सिस्टन्स, म्हणजे बदल टिकवून ठेवण्याची सोय, निवडता येतो. त्यात एका प्रकारात बदल रॅममध्ये राहतात आणि बंद करताना पेनड्राइव्हवर उतरतात. दुसऱ्या, स्टॅटिक प्रकारात ते थेट पेनड्राइव्हवर लिहिले जातात. पहिला वेगवान आहे, पण रॅम खातो आणि मध्येच वीज गेली तर त्या बैठकीतलं सगळं जातं. पावसाळ्यात गावात वीज कशी जाते हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या यंत्रांना स्टॅटिकच निवडा. थोडं हळू चालेल, पण टाइप करून जतन केलेली यादी राहील. पेनड्राइव्ह सतत लिहिल्याने झिजतो, म्हणून नावाजलेल्या कंपनीचा १६ जीबीचा घ्या, आणि महत्त्वाची फाइल दुसरीकडे उतरवत राहा.

मुलांसाठी याच्या उलट करा. त्यांना पर्सिस्टन्स न निवडता बसवा. कुणी मेलमध्ये शिरून बाहेर पडायला विसरलं तरी संगणक बंद केला की ते सगळं नाहीसं होतं, पुढच्या मुलाला आधीच्याचं खातं उघडं मिळत नाही. सार्वजनिक जागी लाइव्ह प्रणालीचा हा फायदा माझ्या मते सगळ्यात मोठा आहे, आणि केवळ यासाठी मी चांगल्या संगणकावरही लाइव्ह सुचवतो. तुमच्या स्वतःच्या कामासाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, तो कुलपात. त्यावरचे पासवर्ड पहिल्यांदाच बदला: अँटीएक्समध्ये मुळात वापरकर्ता डेमो, पासवर्ड डेमो, आणि रूटचा पासवर्ड रूट असतो, हे सगळ्या जगाला माहीत आहे. मुलांच्या पेनड्राइव्हमधला ब्राउझर मात्र आपोआप नवा होत नाही. मधून मधून पर्सिस्टन्ससह सुरू करून अपडेट करा आणि रीमास्टर या साधनाने ते अपडेट मूळ प्रतीत मुरवा, नाहीतर वर्षभराने मुलं सुरक्षेत भोकं पडलेला ब्राउझर वापरत असतील.

मराठीसाठी फार काही करावं लागत नाही. लोहित किंवा नोटो देवनागरी फॉन्ट घाला आणि कीबोर्डच्या मांडणीत भारतीय, मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी) निवडा. त्याच मांडणीवर कोंकणीही टाइप होते, तेव्हा दोन्ही भाषा लिहिणाऱ्या मुलांचं एकाच वेळी भागतं. हे पर्सिस्टन्समध्ये एकदा करून रीमास्टर केलं की मुलांच्या प्रतीतही येतं.

आता तारखेची गंमत नव्हे, अडचण. जुन्या यंत्राच्या मदरबोर्डवरची सीआर२०३२ ची गोल बॅटरी संपलेली असते, घड्याळ पंधरा-वीस वर्षं मागे जातं, आणि ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित म्हणून नाकारतो. लोक प्रणाली बदलत बसतात. आधी बॅटरी बदला. एक्सपी असलेल्या यंत्रावर लाइव्ह वापरल्यावर घड्याळ साडेपाच तासांनी सरकलं तर तो बिघाड नाही. एक्सपी यंत्राच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स साधारणपणे जागतिक वेळ धरतं. पेटी उघडलीच आहे तर रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी संपर्क पांढऱ्या खोडरबराने हलके पुसा, बारीक कण झटका आणि पट्ट्या परत घट्ट बसवा. आपल्या हवेत ते काळवंडतात, आणि संगणक नुसता बीप-बीप करत राहतो त्याचं कारण कित्येकदा एवढंच असतं.

प्रणाली तिच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा, आणि उतरवलेली फाइल अस्सल आहे का ते एसएचए-२५६ बेरीज (फाइलवरून काढलेला, संकेतस्थळावर दिलेला ओळख-आकडा) जुळवून, जमल्यास डिजिटल सहीही तपासून घ्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसून लोकांना चोरदार (गुपचूप आत शिरण्याची वाट) बसवलेल्या प्रतीकडे वळवलं गेलं होतं, तेव्हा ही काळजी वायफळ नाही. पेनड्राइव्हवर लिहायला विंडोजमध्ये रूफस चालेल. सुरू करताना बूट मेनूची कळ डेल आणि लेनोव्होमध्ये बहुधा एफ१२, एचपीमध्ये एफ९, आसुसमध्ये एफ८ किंवा एस्केप.

राहिला प्रिंटर. कोणता आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. एचपी लेसरजेट १०२० असेल तर त्याला दर वेळी चालू केल्यावर फर्मवेअर (प्रिंटरच्या आत चालणारा प्रोग्राम) पाठवावं लागतं. एचपीलिप हे एचपीच्या प्रिंटरचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर आणि त्याचं प्लगइन पर्सिस्टन्समध्ये बसवून ठेवलं तर ते आपोआप होतं, नुसत्या लाइव्हमध्ये होत नाही. कॅनन एलबीपी २९०० असेल तर लिनक्सवर तो त्रास देतो. मग सूचना पीडीएफ करून दुसऱ्या कुणाच्या संगणकावरून छापणं सोपं. प्रिंटरचं मॉडेल, नेटबुकमधल्या वायफाय चिपचं नाव आणि पेंटियम ४ च्या ड्राइव्हवर डीव्हीडीची खूण आहे की नाही, एवढं कळवा. वायफाय अॅथेरॉस कंपनीचं असेल तर बहुतेक लगेच चालेल, ब्रॉडकॉम कंपनीचं असेल तर कोणतं फर्मवेअर घालायचं ते मॉडेल पाहून सांगतो.